टोपली कोणी उचलली

शहापूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

हिरा,

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. वैशाखऱ्याला, माळावरच्या आपल्या जागेत वाळू भगतानं टोपली उचलली आणि खाली तांदळाची एकही रास जागेवर नव्हती. कोंबड्यांना टाकावेत तसे दाणे पसरले होते. वेळ मी घड्याळात बघून ठेवली, कारण तुमच्या घरात प्रत्येक गोष्ट 'कधीतरी' घडते आणि ती कोणी केली हे कोणालाच आठवत नाही.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर 'मला काय म्हाईत नाय' असं म्हणायची सोय राहणार नाही. शनिवारी संध्याकाळी तू जागेच्या मधोमध सारवलंस, तांदळाच्या पाच राशी घातल्यास, वर टोपली पालथी घातलीस. सकाळी राशी शाबूत असल्या तर जागा घराला होकार देते, विसकटल्या तर नकार. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. पण गणूनं, तुझ्या नवऱ्यानं, हट्ट धरला की बापजाद्यांची रीत आहे, म्हणून मी मान डोलावली. टोपलीवरचा दगड मात्र मी स्वतः ठेवला. चपटा, काळा, एका अंगाला पांढरी शीर असलेला. शीर वर होती. सकाळी ती खाली होती.

हिरा, उंदीर टोपलीखाली शिरू शकतो. मुंगूस तांदूळ उधळू शकतं. पण दगड बाजूला काढून, काम उरकून, परत जागच्या जागी ठेवणारा उंदीर मी सहासष्ट वर्षांत पाहिलेला नाही.

वाळू भगतानंसुद्धा विचारलं होतं, तू तिथंच उभी होतीस. "मानसाचा हात लागला असंल तर आताच सांगा. नाव घ्या, मी परत मांडून देतो. नाय तर जागा नाय बोलली, आपन गप घरी जाऊ." मी म्हटलं, हात लागलाय. तो म्हणाला, "कोनाचा, बाय?" आता मी कोणाचं नाव घेणार? आणि तेवढ्यात तुझा नवरा, माझा धाकटा भाऊ, ज्याला मी पाटीवर बोट धरून अक्षरं शिकवली, तो सगळ्या भावकीसमोर मला म्हणाला, "ताई, तू गप." आयुष्यात पहिल्यांदा. लोक हसले. मी तशीच चालत फाट्यावर आले आणि मुरबाडची गाडी धरली. तुमच्यापैकी कोणीही मागून आलं नाही.

आता तुझा मुलगा सुयोग म्हणतो, वाशिंदलाच फ्लॅट घेऊ, तिथल्या कंपनीत नोकरीही मिळतेय. तो फ्लॅट मी सुयोग आणि भाविकाबरोबर पाहिलेला आहे. इमारतीच्या नावात 'हिल्स' आहे आणि गॅलरीतून कंपनीची चिमणी दिसते. स्वयंपाकघरात एक बाई वळली की दुसरीनं बाहेर जायचं. शहापूरचा पाहिला, तिथं पाण्याचा टँकर आला की लोक बादल्या घेऊन जिने उतरतात. मुरबाडमधला त्यातल्या त्यात बरा, पण समोर रात्रंदिवस गॅरेज. सगळं फिरून झाल्यावर मीच म्हटलं ना, की माळावर आपली जागा आहे, मोटरसायकलनं सुयोगला मुरबाडची कंपनी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, एकच चांगलं घर बांधू आणि सगळे एकत्र राहू? माझ्या घरमालकाला मी खोली सोडत असल्याचं कळवूनसुद्धा टाकलं होतं.

घराचा नकाशा मी महिनाभर बसून काढला. त्यात प्रत्येकाची सोय होती. गणूला पुढची पडवी, तुला उभ्याचा ओटा, मला पूर्वेची खोली. भाविकाच्या माहेरच्यांसाठी तर मागच्या बाजूला वेगळं दार, वेगळी पडवी, वेगळा नळ. कातकरवाडीवरची माणसं वेळी-अवेळी येणार, वीटभट्टीवरून धुळीनं भरून येणार. त्यांनाही अवघडल्यासारखं होऊ नये आणि घरातली स्वच्छताही राहावी. कुठली आतेसासू सुनेच्या माहेरचा एवढा विचार करते, सांग मला.

फोनवर तू 'हां हां' करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लेखी विचारते. टोपली कोणी उचलली? नाव कळव. नाव मिळालं की राशी परत मांडता येतील. हे पत्र रोशनच्या भाजीच्या टेम्पोनं पाठवतेय. पाकीट चिकटपट्टीनं बंद केलंय, तेव्हा त्यानं वाटेत वाचलं तर कळेल.

प्रमिला

---

वैशाखरे
१६ फेब्रुवारी

वन्संना हिराचा नमस्कार.

तुमचा पत्र रोशननी दिला. वाचाया दोन दिस लागले. तुमचा अक्षर लय चांगला पन बारीक. माजी शाळा सातवीची, त्यात मधे भातलावनीला सुट्टी.

वन्सं, टोपली कोनी उचलली मला काय म्हाईत नाय. तुमी लिवलाच हाय का मी असा बोलन, तर तसाच समजा. देवाचा देवानी केला. दगड काय, वाऱ्यानी पन हलतो.

हे तुमाला बोलले त्याचा यांना लय वाईट वाटतो. दोन दिस जेवले नाय नीट. पन तुमाला फोन करायचा तर मोबाईल उचलतात न परत ठेवतात. तुमी रागवाल म्हनून नाय, तुमी बरोबर असाल म्हनून.

वाशिंदचा फ्लॅट लहान हाय, पन पोरांचा पोरांना बघू द्या. आपली वया झाली. तुमी खोली सोडू नका. घरमालकाला सांगा का सध्या राहते. चवळी आनि वालाच्या शेंगा पाठवते. रोशनला डबा परत द्या, मागल्या टायमाचा पन हाय तुमच्याकडे.

आता हा विषय सोडा, वन्सं. मी पाया पडते.

हिरा

---

शहापूर
गुरुवार, २० फेब्रुवारी

हिरा,

शेंगा मिळाल्या. पत्रही मिळालं. त्यात उत्तर सोडून बाकी सगळं आहे.

दगड वाऱ्यानं हलतो असं लिहिणारी बाई कोणाला तरी पाठीशी घालत असते. एवढं कळायला मला शेंगा सोलत बसावं लागलं नाही. मग मी विचार केला की या नकारात फायदा कोणाचा. गणूचा नाही, त्याला माळ सोडून जायचं नाही. तुझा नाही. मुलगा हाताशी राहावा म्हणून गेली आठ वर्षं तू नवस बोलतेयस. सुयोगला मी शाळेपासून डिप्लोमापर्यंत माझ्याकडे ठेवलं, तो माझ्या पाठीमागे असलं काही करणार नाही. उरलं कोण? जिला वाशिंदला पाहिल्यापासून लिफ्ट-लिफ्ट झालंय ती.

मंगळवारी मी मुरबाडला गेले. भाविका दवाखान्यात ड्यूटीवर होती. बाकावर दहा-बारा माणसं बसलेली. मी सरळ विचारलं, "टोपली तू उचललीस?"

ती म्हणाली, "आत्या, पेशंट आहेत. सुटल्यावर बोलू ना."

मी म्हटलं, "सुटल्यावर नाही, आता. आम्ही जात बघितली नाही, वाडीवरून उचलून तुला घरात आणलं, नर्सिंगच्या परीक्षेला बसवलं. तिथंच राहिली असतीस तर आज आईबरोबर विटा वाहत असतीस. त्याची ही परतफेड?"

बाकावरचे लोक ऐकत होते. ऐकू देत, मी कुजबुजायला शिकलेली नाही. भाविकानं हातातली पट्टी नीट गुंडाळली आणि म्हणाली, "बोला आत्या. अजून काय असेल ते बोलून घ्या." आणि मग दाराकडे बघून, "पुढचे कोण आहेत?"

नाकारलं नाही, हे लक्षात घे. निर्दोष माणूस आधी नाही म्हणतो. येत्या रविवारी मी वाळू भगताकडे येऊन तिचं नाव घेणार आहे. तुला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग.

डबे दोन्ही पाठवलेत.

प्रमिला

---

वैशाखरे
२२ फेब्रुवारी

वन्सं,

रविवारी येऊ नका. तुमाला तुमच्या भावाची शपथ हाय. पोरीचा नाव घेऊ नका. तिनी नाय केला. चार दिस द्या. महाशिवरात्र होऊ द्या, मी सगळा लिवते. रोशन आता घाईत हाय.

हिरा

---

वैशाखरे
२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

वन्सं,

आज उपास हाय. उपासाला खोटा लिवनार नाय.

टोपली मी उचलली.

तुमाला आठवतो का नाय म्हाईत नाय, शनवारी जेवनाच्या आधी तुमी नकाशा काढला न वटीवर पसरला. भाविकाची आई संगीता आलेली. घर होनार म्हनून ती कंद उकडून घेऊन आलेली, पायरीवर बसलेली. मी तिला दोनदा बोलले का वर ये गो, ती बोलली बरी हाय इथं. तेवढ्यात तुमी तिला हाक मारली आनि नकाशावर बोट ठेवून बोल्लात, "संगीताबाई, हे बघा, हे तुमचं दार. इकडून यायचं, हा तुमचा नळ. म्हणजे कोणाला त्रास नको."

संगीताला वाचता येत नाय, पन घर कुठून सुरू होतो आनि दार कुठं हाय ते तिला कळला. ती बोलली, "चांगला हाय, ताई." मंग कंदाची पाटी ठेवली न निघाली. मी बोलले, जेवून जा. ती बोलली, आज भूक नाय. वन्सं, ती भट्टीवरून आलेली. भूक नाय कशी असंल?

तुमी नकाशाच दाखवीत होता. तुमाला काय दिसला नाय.

भाविका मागं भांडी घाशीत होती. मी गेले तर बोलली, "आई, या घरात मी पाय ठेवनार नाय. पन आत्यांना नाय कोन बोलेल?" सुयोग तिथंच उभा. खाली बघत होता. मी त्याला बोलले, तू बोल. तो बोलला, "त्यांनी मला शिकवला, आई. मी कुठल्या तोंडानी बोलू?" यांना विचारला तर हे बोलले, ताईच्या पुढं आपन कधी बोललो का?

खरा हाय, वन्सं. तुमच्या पुढं या घरात कोनी कधी नाय बोल्ला नाय. तुमी आमच्यासाठी केला बी तेवढाच हाय. मंग मला वाटला, मानसा नाय बोलत तर देव बोलंल. देवाला तुमी काय बोलनार?

सकाळी गोठ्यात जाते असा सांगून अंधाराची माळावर गेले. टोपली उचलली. तांदूळ मीच घातलेले, माज्याच हातानी विसकटले. तेवा पन वाटला, नको करू, पोरगा वाशिंदला जाईल, तिकडं कंपनी, तिकडंच उद्या नातवांची शाळा, सनाला पावन्यासारखा येईल. माळावर घर व्हावा असा माज्याहून जास्त कोनाला वाटत होता? तरी केला. अंधारात दिसला नाय म्हनून दगड उलटा ठेवला गेला. ते तुमीच वळखला. दुसऱ्या कोनी बघितला पन नाय.

आता मी अडकले. भगतासमोर मी गप उभी राह्यले. देवाच्या नावानी खोटा केला हे कळला तर भावकी मला उंबऱ्यात उभी करनार नाय. लग्नात हळद लावाया बोलवनार नाय. हे तर काय करतील, त्याचा इचार पन करवत नाय. यांना वाटतो, जागेनीच नाय बोलला. रोज संध्याकाळी माळाकडं तोंड करून बसतात.

आनि तुमी पोरीला दवाखान्यात सगळ्यांसमोर वाडीवरनं उचलली बोल्लात. तिनी घरी येऊन आमाला सांगितला पन नाय. रोशनला तिथल्या एका पेशंटनी सांगितला.

तुमी मोठ्या हाव. मारा, बोला. पन हा पत्र वाचून चुलीत घाला. तुमच्याकडे गॅस हाय म्हनून लिवते, फाडून तरी टाका.

हिरा

---

वैशाखरे
२ मार्च

वन्सं,

तुमचा काय निरोप नाय. रोशन बोलला, दार उघडला नाय, डबा पायरीवर ठेवला. तब्येत बरी हाय ना? शिव्या द्यायच्या तर द्या, पन लिवा.

सुयोग पुढल्या सोमवारी, १० तारखेला, वाशिंदला फ्लॅटच्या कागदावर सही करनार हाय. बोलतो, एकदा सही झाली का परत फिरता येनार नाय. मी त्याला काय सांगू?

हिरा

---

शहापूर
मंगळवार, ४ मार्च

हिरा,

दार उघडलं नाही, कारण मला कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. रोशनला तर नाहीच. त्याला दवाखान्यातलं सगळं ठाऊक आहे हे आता मला ठाऊक आहे.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. मग नकाशा काढला. पेन्सिलीनं, पट्टी लावून काढलेलं ते मागचं दार बघत बसले. सुबक आहे. शाळेत माझ्या भूमितीला नेहमी शाबासकी मिळायची.

त्या शाळेची एक गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. आमचे बाबा मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवायचे, म्हणून सिस्टरनी मला फुकट घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. फुकट शिकणाऱ्या आम्ही सातजणी होतो. डब्याच्या सुट्टीत आम्हाला स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं पाव आणि आमटी मिळायची. कोणी वाईट बोलायचं नाही. उलट फार प्रेमानं सांगायचे की तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी ती आमटी गिळायचे आणि मनात म्हणायचे, मोठी होईन तेव्हा सगळीकडे पुढच्या दारानं जाईन. गेलेही. आणि पुढच्या दारानं आत जाऊन बसल्यावर मागचं दार आखलं. शब्दसुद्धा तेच वापरले, हिरा. पहिल्या पत्रात बघ, 'अवघडल्यासारखं होऊ नये' असंच लिहिलंय मी. लिहिताना हात अडखळलादेखील नाही.

मला लाज वाटते. हे वाक्य मी मराठीत किंवा इंग्रजीत यापूर्वी कधी लिहिल्याचं आठवत नाही.

शुक्रवारी मी मुरबाडला गेले होते. भाविकाच्या दवाखान्यात केसपेपर काढला, बाकावर बसले, नंबर आला तेव्हा उठले. सुटल्यावर बोलता आलं असतं, पण अपमान बाकावरच्या लोकांसमोर केला होता. म्हणून त्यांच्यासमोरच म्हटलं, "भाविका, मागच्या वेळी मी इथं जे बोलले ते खोटं होतं आणि नीच होतं. तुला कोणी उचलून आणलेलं नाही. तू तुझ्या अभ्यासानं इथं आहेस." बाकावर तेव्हाचं कोणीच नव्हतं. एक म्हातारा होता, त्याला वाटलं मी बाहेरची बाधा झालेली बाई आहे. तो सरकून बसला.

भाविकानं माझा केसपेपर घेतला. मग म्हणाली, "बसा. बीपी बघते." पट्टा बांधला, फुगवला, बघितलं. म्हणाली, "वाढलंय. गोळ्या घेता ना?"

मी म्हटलं, "कधी कधी."

"कधी कधी घ्यायला ती गोळी आहे का चॉकलेट?" एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. निघताना मी विचारलं, तुझ्या आईला भेटायचं होतं. तर म्हणाली, ती गेली परत भट्टीवर, पाऊस तोंडावर आल्याशिवाय येत नाही. कुठली भट्टी ते मात्र तिनं सांगितलं नाही. सांगायलाच हवं असं नाही.

आता तुझं. तुझ्यावर मी रागावले आहे, हे आधी नोंदवून ठेवते. एवढ्या वर्षांत एकदा तरी तू मला तोंडावर 'वन्सं, पुरे' म्हणायला हवं होतंस. देवाला कशाला मध्ये घातलंस? पण मला नाही म्हणण्यापेक्षा तुला देवाशी खोटं बोलणं सोपं वाटलं, यात दोष तुझा किती आणि माझा किती याचा हिशेब मी केला आहे. तो तुला कळवायची गरज नाही.

तर ऐक. वाळू भगताला एक नाव हवंय. नाव मिळालं की तो राशी परत मांडून देणार आहे. मी त्याला माझं नाव देणार.

घाबरू नकोस, वाच पुढं. दगड मी ठेवला हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या रात्री मी तुमच्याकडेच झोपले होते. मी या रीतीला नावं ठेवते हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मी सांगेन, 'मला तुमचा हा प्रकार खोटा पाडायचा होता, म्हणून मी पहाटे जाऊन टोपली उचलली आणि मग कबूल करायची हिंमत झाली नाही, म्हणून दुसऱ्यांवर ओरडले.' कोणालाही आश्चर्य वाटणार नाही. म्हणतील, शिकलेली माजोरी बाई आहे, करणारच. तुझं नाव घेतलं तर गाव हादरेल. माझं घेतलं तर फक्त मान हलवेल. माझ्या लौकिकाचा एवढा एक तरी उपयोग होऊ दे.

मी उरलेलं आयुष्य वैशाखऱ्यात खोटारडी म्हणून ओळखली जाईन. तसंही वर्षातून चारदाच येते.

हे खरं नाही, म्हातारपणी कायमची यायची होते. पण माझ्या घरमालकाला सांगितलंय की मी खोली सोडत नाही. नव्या घरात माझ्यासाठी खोली काढायची नाही. बांधकामासाठी मी जे पैसे द्यायचं ठरवलं आहे ते देईन, पण त्या जोरावर नकाशात बोट ठेवायला येणार नाही. दारं कुठं आणि किती, ते भाविका ठरवेल. तिला वाशिंदच हवं असेल तर तिनं वाशिंदला जावं, खुशाल लिफ्टनं वर-खाली करावं. पण ते तिनं तिच्या मनानं ठरवावं. जागा नको म्हणाली या समजुतीखाली गणूनं रोज संध्याकाळी माळाकडे बघत बसू नये.

तुझ्याकडून मला एकच उत्तर हवंय. मी रविवारी, ९ तारखेला सकाळी येऊन भावकीसमोर हे बोलू की नको? हो किंवा नाही. देवाचं खोटं तुझ्या अंगावरून काढून मी माझ्या अंगावर घ्यावं हे तुला चालणार आहे का, हे तूच सांगू शकतेस. तुझ्या वतीनं मी ठरवणार नाही. आजवर पुष्कळ ठरवलं. तू 'नाही' लिहिलंस तर मी येणार नाही, कोणाला काही सांगणार नाही आणि याविषयी पुन्हा तोंड उघडणार नाही. जड जाईल, पण नाही उघडणार.

सुयोगची सही सोमवारी आहे, म्हणून मुदत देते. शनिवार, ८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत तुझं उत्तर रोशनच्या हाती माझ्या दारात पोचलं पाहिजे. यावेळी मी दार उघडेन. उत्तर लेखीच हवं, एक शब्द असला तरी चालेल. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मला रडू येईल, आणि ते ऐकण्याइतकी आपली ओळख अजून झालेली नाही.

तुझी
प्रमिला